आईचा जुना फोन सुटत का नव्हता: आमच्याच घरातलं एक प्रकरण

दादानं आईला नवा फोन घेऊन दिला, पहिल्या दिवशी स्वतः बसून सगळं सेट करून दिलं, सिम नव्या फोनमध्ये टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सिम परत जुन्या फोनमध्ये. ट्रे उघडायची पिन दादाच्या खिशात होती, म्हणजे आईनं सेफ्टी पिननं ट्रे उघडून सिम काढलं होतं. पुढचे तीन आठवडे नवा फोन टेबलावर शंभर टक्के चार्ज होऊन पडलेला आणि आई तिचा सहा वर्षांचा, कोपऱ्यात तडा गेलेला फोन घेऊन घरभर फिरतेय असं चाललं होतं.

दादाचं निदान तयार होतं, "तिला नवीन काही शिकायचंच नाहीये." मला ते पटत नव्हतं, कारण याच बाईनं व्हिडिओ कॉल, पैसे पाठवणं, लोकेशन शेअर करणं हे सगळं कोणी न शिकवता उचललंय. जी सेफ्टी पिननं सिम ट्रे उघडते तिला तंत्रज्ञानाची भीती आहे असं कसं म्हणायचं? मग मी सुट्टीत दहा दिवस घरी होते तेव्हा ठरवलं की या प्रकरणाचा छडा लावायचा, तिला त्या जुन्या डबड्यात नेमकं आवडतं तरी काय ते शोधायचं.

पहिल्या दिवशी मी सरळ विचारलं, "आई, तुला या फोनमधलं काय आवडतं गं?" तर म्हणे, "आवडायचंय काय त्यात, फोन आहे." संपलं. मग लक्षात आलं की हे विचारून कळणार नाही, बघावं लागेल. तसं मला जरी कोणी विचारलं तरी मी आधी कॅमेरा चांगलाय वगैरे सांगेन, पण खरं म्हणजे मला माझ्या फोनच्या बाजूचं ते सरकवायचं सायलेंटचं बटण सगळ्यात जास्त आवडतं, मीटिंगमध्ये खिशातल्या खिशात फोन गप्प करता येतो. हे मला कोणी विचारलं असतं तर सुचलंही नसतं. तर मी एक वही घेतली आणि आईनं जुना फोन उचलला की कशासाठी उचलला, कुठलं बोट कुठे ठेवलं, किती वेळात काम झालं हे लिहीत गेले. मधून मधून तेच काम नव्या फोनवर करून दाखव म्हणायचे, त्यावर ती वैतागायची पण करून दाखवायची. शिवाय डिजिटल वेलबीइंग आहेच, अँड्रॉइडमध्ये ते २०१८ पासून आहे, त्यात दिवसातून किती वेळा फोन अनलॉक केला ते दिसतं. आईचा आकडा ५५ ते ६० च्या मध्ये निघाला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन्ही फोनचा परिचय थोडक्यात देते, नावं घेत नाही. जुना: साडेपाच इंची एलसीडी स्क्रीन, १६:९ आकार (म्हणजे उंची १६ तर रुंदी ९), पाठीमागे फिंगरप्रिंट, वर हेडफोनचं भोक, मेमरी कार्ड, ३२ जीबी स्टोरेज, आणि मिणमिणणारा तो छोटा नोटिफिकेशनचा दिवा. नवा: ६.७ इंची ओएलईडी स्क्रीन, १२० हर्ट्झ (म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला १२० वेळा ताजं होतं), स्क्रीनखाली फिंगरप्रिंट, मागे तीन कॅमेरे, हेडफोनचं भोक नाही, कार्डाची जागा नाही, दिवा तर नाहीच. कागदावर नवा फोन सगळ्याच बाबतीत भारी आहे आणि दादानं तो कागद बघूनच घेतला होता.

पहिली गोष्ट जी वहीत दिसली ती बोटाची. आई जुना फोन उचलते तेव्हा तिची तर्जनी आपोआप मागच्या त्या खोलगट गोलावर जाते, म्हणजे फोन चेहऱ्यासमोर येईपर्यंत तो उघडलेला असतो, तिला "आता मी फोन अनलॉक करतेय" असं काही करावंच लागत नाही. नव्यात आधी फोन हातात घ्या, मग स्क्रीनवर तो अंगठ्याचा छाप कुठे उमटलाय ते बघा, मग त्याच्यावर अंगठा दाबून धरा. त्यात हा सेन्सर ऑप्टिकल प्रकारचा, म्हणजे स्क्रीनचा उजेड बोटावर टाकून खालून चक्क बोटाचा फोटो काढतो, आणि बोटाची कातडी कोरडी किंवा रेषा झिजलेल्या असतील तर ती काचेला नीट चिकटत नाही नि फोटो पुसट येतो. आईचे हात आयुष्यभर पाण्यात आणि साबणात गेलेत, अंगठ्याच्या रेषा अगदीच विरळ. मागच्या सेन्सरलाही कोरडं बोट फार आवडतं असं नाही, तो रेषा आणि खाचा यांच्यातला विजेच्या भाराचा फरक मोजतो, पण तिथे बोट खाचेत बरोबर एकाच जागी बसतं म्हणून काम भागतं. वर दादानं प्रेमानं जाड टेम्पर्ड ग्लास लावून दिलेली, तीही ठसा घेतल्यानंतर! मी मोजलं, तीनातल्या एका वेळी नवा फोन "पुन्हा प्रयत्न करा" म्हणायचा. आता तो ५५-६० चा आकडा आठवा, म्हणजे दिवसाला १८-२० वेळा फोन तिला नाही म्हणणार, आणि लागोपाठ पाच वेळा चुकलं की अर्धा मिनिट थांबायचं किंवा पिन टाकायचा. दिवसातून वीस वेळा कोणी दारात अडवलं तर मीसुद्धा त्या घरी जाणं सोडेन.

दुसरी गोष्ट आकाराची, आणि इथे मी स्वतःच चुकले होते. आई म्हणायची "हा फार मोठा आहे" आणि मला वाटायचं की रुंदीमुळे हातात मावत नसणार. मग गणित करून बघितलं. साडेपाच इंची १६:९ स्क्रीनची रुंदी येते साधारण ६८.५ मिलिमीटर आणि ६.७ इंची २०:९ स्क्रीनची जवळपास ७०, म्हणजे फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. पण उंची? जुन्याची १२२ मिलिमीटर आणि नव्याची १५५! स्क्रीन रुंद झालीच नाहीये, नुसती वर वाढलीये. आईचा अंगठा आपोआप जिथपर्यंत जातो त्याच्या वर सव्वातीन सेंटीमीटरचा नवीन मजला चढवलाय आणि सर्च, मागे जा, नोटिफिकेशन हे सगळं त्या मजल्यावर राहायला गेलंय. आणखी एक, जुन्या फोनला स्क्रीनखाली चांगली दीड-दोन सेंटीमीटर मोकळी पट्टी होती जिला सगळे रिव्ह्यूवाले नावं ठेवायचे, पण आई पडल्या पडल्या वाचताना तळहात त्या पट्टीवर टेकवते. नव्यात पट्टीच नाही, मग तळहात लागून भलतंच काहीतरी उघडतं, एकदा कोणाला तरी व्हिडिओ कॉल लागला रात्री साडेअकराला. त्यात वजनही जास्त, आडवं पडून धरलं की मनगट दुखतं म्हणे. नाकापेक्षा मोती जड.

आता खरी मेख. ही मला चौथ्या दिवशी कळली आणि तीही योगायोगानं. रोज दुपारी तास-दीड तास आई फोन घेऊन पडते, कानात वायरवाले इयरफोन. मला वाटायचं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीबाही ऐकत असेल. पण डिजिटल वेलबीइंगमध्ये बघितलं तर त्या वेळात स्क्रीन बंद. विचारलं तर म्हणे, "रेडिओ लावलाय." एफएम! तिच्या जुन्या फोनमध्ये एफएम रेडिओ आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं आणि तिनंही कधी सांगितलं नाही कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं तिला वाटत होतं.

मी तातडीनं उपाय काढला, यूएसबी-सी ते हेडफोनचा अडॅप्टर आणते, झालं काम. नाही झालं. कारण फोनमधल्या एफएमला अँटेना लागते आणि ती अँटेना म्हणजे इयरफोनची वायरच असते, म्हणूनच अशा फोनवर रेडिओ लावला की "आधी इयरफोन जोडा" असा मेसेज येतो. आता आवाजासाठी अडॅप्टर चालतो, तोही नीट बघून घ्यावा लागतो, कारण काही फोन यूएसबी-सीमधून तयार ॲनालॉग आवाज बाहेर देतच नाहीत, मग अडॅप्टरच्या आत स्वतःची आवाज बनवणारी चिप असावी लागते. पण एफएमचा ना रिसीव्हर जोडलेला, ना अँटेनाची वाट, ना ॲप, मग तिथे अडॅप्टर काय करणार. आयफोन ७ मधून २०१६ साली ते भोक काढलं तेव्हा सगळी चर्चा गाण्यांच्या क्वालिटीची आणि ब्लूटूथची झाली, मागून बाकीच्या कंपन्यांनीही काढलं, पण त्या भोकाबरोबर किती फोनमधून रेडिओही गेला याचं फार कोणाला काही वाटलं नाही.

दादा म्हणाला ॲपवर सगळी स्टेशनं लागतात की. लागतात, पण त्याला नेट लागतं, बॅटरी लागते, मध्येच गोल गोल फिरत बसतं, आणि मुख्य म्हणजे ॲपमध्ये शंभर गोष्टी समोर येतात. आईला निवड नकोय, तिला बटण दाबल्यावर काल जिथे सोडलं तेच स्टेशन हवंय, मग ते जे लावतील ते ऐकायचं. मला हे आधी मागासलेपण वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. दोन दुपारी मी एक इयरफोन स्वतःच्या कानात घालून तिच्या शेजारी पडले तेव्हा मत बदललं.

बाकीच्या नोंदी छोट्या आहेत, भराभर सांगते. जुना फोन हातात धरून दोनदा झटकला की टॉर्च लागतो, रात्री उठताना ती हेच करते, डोळेही उघडत नाही. तो नोटिफिकेशनचा दिवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून तिला कळतं की मेसेज हिरवा आहे की चुकलेल्या कॉलचा लाल, म्हणजे उठायचं की नाही ते ठरतं. खालची तीन बटणं, मागे-घर-चौकोन. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, कडेवरून बोट ओढायची पद्धत आली आणि दादानं तीच चालू ठेवली होती, आईला ते "हवेत हात फिरवल्यासारखं" वाटतं. आणि मराठी टाइप करण्यासाठी ती कीबोर्डवर बोटानं अक्षर गिरवते, नव्या फोनमध्ये कंपनीचा स्वतःचाच कीबोर्ड होता नि त्यात ती सोय सापडेना, त्यामुळे तीन आठवडे तिनं नव्या फोनवरून एकही मेसेज लिहिला नव्हता याचं कारण एवढंसं होतं.

आणि काय आवडलं नाही, किंवा कशानं तिला काही फरकच पडला नाही, तेही लिहून ठेवलं होतं. १२० हर्ट्झ: मी दोन्ही फोन शेजारी ठेवून स्क्रोल करून दाखवलं, तिनं नीट बघितलं आणि विचारलं "मग?" कॅमेऱ्याचे ५० मेगापिक्सेल: त्यात तसाही फोन चार चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, दादाला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चार्जिंगचा वेग: ती रात्री लावते नि सकाळी काढते, मग अर्ध्या तासात भरला काय नि तीन तासांत भरला काय. दादानं ज्या तीन गोष्टींसाठी फोन निवडला त्या तिन्ही इथेच गेल्या.

पण जुना फोन संत होता असंही नाही, नाहीतर हे प्रकरण "असू दे तिच्याकडे तोच" म्हणून तिथेच मिटलं असतं. दोन खरे दोष होते. एक बॅटरी, दुपारी दोनपर्यंत १५ टक्क्यांवर यायची. यात नवल नाही, लिथियम-आयन बॅटरी झिजतेच. ॲपलच सांगतं की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण सायकलनंतर ८० टक्के क्षमता टिकवतील अशा बेतानं बनवल्यात आणि १५ पासून तो आकडा १००० आहे. पूर्ण सायकल म्हणजे एकदा चार्जर लावणं नाही, एकूण शंभर टक्के वापर झाला की एक. आईचा फोन सहा वर्षं रोज जवळपास रिकामा होऊन भरला जातोय, म्हणजे दोन हजाराच्या आसपास सायकल, दोनपर्यंत टिकतोय हेच पुष्कळ.

दुसरा दोष जास्त गंभीर. सिक्युरिटी अपडेट तीन वर्षांपूर्वीच बंद झालेले, आणि पैशांची ॲप्स त्याच फोनवर. आता गूगलनं त्यांच्या पिक्सेल ८ या फोनपासून २०२३ मध्ये आणि सॅमसंगनं गॅलेक्सी एस२४ पासून २०२४ मध्ये सात सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय, पण आईच्या फोनच्या काळात दोन-तीन वर्षं मिळाली तरी नशीब. गंमत म्हणजे हा मुद्दा तिला कोणी सांगितलाच नव्हता! दादानं सांगितलं होतं "हा फास्ट आहे", आणि तिला फास्ट नको होता. मी सांगितलं की आई, या फोनच्या कुलपाची कंपनी बंद पडलीये असं समज, कुलूप लागतं पण कोणी किल्ली बनवली तर बदलून मिळणार नाही, तर म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलं, पैशांचं आजच तिकडे ने." एका मिनिटात. तीन आठवडे समजूत घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं, कारण समजूत भलत्याच गोष्टीची घालत होतो.

मग आम्ही दोघींनी बसून वाटणी केली. नव्या फोनची टेम्पर्ड ग्लास काढून पातळ फिल्म लावली आणि त्यानंतर ठसे नव्यानं घेतले, उजवा अंगठा एकाच नावानं नाही तर दोनदा वेगवेगळा नोंदवला, एकदा कोरडा नि एकदा क्रीम लावून. ही युक्ती खरंच चालते, चुकण्याचं प्रमाण तीनात एकवरून दहात एकच्या आसपास आलं. कडेवरून बोट ओढणं बंद करून तीन बटणं परत आणली, सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम. गिरवायचा कीबोर्ड टाकला. एक हाताचा मोड चालू केला, ज्यात वरचा मजला खाली सरकतो, तो मात्र तिनं दोन दिवसांत बंद करायला लावला, "अर्धी स्क्रीन कुठे जाते" म्हणून. त्याऐवजी रोजची ॲप्स खालच्या दोन ओळींत आणली आणि मागे बोट अडकवायची रिंग असलेलं कव्हर लावलं, त्यानं तळहाताचाही प्रश्न बराचसा सुटला. दिव्याला पर्याय म्हणून अँड्रॉइड १४ मधलं ते फ्लॅश नोटिफिकेशन लावून बघितलं, मेसेज आला की कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकतो. पहिलाच मेसेज अंधारात आला. "वीज पडली का गं?" लगेच बंद केलं. टॉर्चला पर्याय सापडला नाही, वरच्या पट्टीत पहिलं बटण टॉर्चचं केलंय पण ती अजून रात्री नवा फोन दोनदा झटकते आणि मग स्वतःशीच हसते.

जुन्या फोनची बॅटरी बदलून घेतली, बँकेची सगळी ॲप्स काढली, सिम काढलं, वायफाय बंद. आता तो उशाशी असतो, रेडिओ आणि टॉर्च या दोन कामांसाठी. नवी बॅटरी एवढ्याशा कामाला चार-पाच दिवस जाते. दादा म्हणाला एवढं करण्यापेक्षा एक वेगळा रेडिओ आणि एक टॉर्च आणला असता. मी म्हटलं आण आणि दे बघू तिच्या हातात, पण त्यानं तेवढं धाडस केलं नाही.

दीड महिन्यानं परत घरी गेले तेव्हा सवयीनं नव्या फोनचं डिजिटल वेलबीइंग उघडलं. अनलॉक ५० च्या वर, म्हणजे फोन खरंच वापरात आहे. पण एक गोष्ट विचित्र दिसली, कॅमेरा दिवसातून १०-१२ वेळा उघडलेला, आणि गॅलरीत बघावं तर महिनाभरात एकही नवीन फोटो नाही. मला वाटलं परत चुकून हात लागून उघडतोय, रिंगचं कव्हर बदलावं लागणार. तेवढ्यात आई गोळ्यांचं पाकीट घेऊन आली, फोन त्याच्यावर धरला, दोन बोटांनी झूम केलं, पाठीमागची मुदतीची तारीख वाचली आणि कॅमेरा बंद केला. मग पावतीवरचं बारीक अक्षर, मग सुईत दोरा ओवताना सुईचं नेढं. चष्मा शोधायला जायचीच नाही. मी म्हटलं, "अगं, फोटो काढून ठेव ना एकदाच, परत परत कशाला उघडतेस?"

"फोटो काढून काय करू? वाचून झालं की," म्हणाली आणि फोन बाजूला ठेवला.